जसं आहे तसं

किसुमूत, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर,
वान्योनी वकिलांनी पहिल्याच दिवशी समजावलं:
कंपनी ही वेगळी व्यक्ती असते, अवुओर.
तिला जन्मदाखला असतो, सही असते, कर्ज असतं.
बुडली तर ती एकटी बुडते.
तू काठावर.
मी हसले होते.
सरोवराच्या कडेला वाढलेल्या पोरीला
बुडण्याचं इतकं स्वच्छ गणित
कुणी सांगितलं नव्हतं.

मग मालकीचा प्रश्न निघाला.
कोड माझं, पण लिहिलं होतं
जुन्या नोकरीच्या लॅपटॉपवर, रात्री जागून.
त्या रात्री कुणाच्या, हे ठरवायला
तीन पत्रं आणि सोळा हजार शिलिंग लागले.
वारे मात्र म्हाताऱ्या ओग्वेनोंचे.
डुंग्याच्या वाळूवर जाळं सांधता सांधता
त्यांनी एकेक वारा नावानिशी सांगितला:
कुठला कुत्र्यासारखा आधी लांबून भुंकतो,
कुठला जावयासारखा येतो, बसतो, उठत नाही.
मोजून अकरा.
वकील म्हणाले, माहितीवर कुणाचा हक्क नसतो,
हक्क मांडणीवर असतो. मांडणी तुझी.
मी ओग्वेनोंना साखर, चहापत्ती आणि एक बॅटरी नेऊन दिली.
मांडणी म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही.

दहा वारे कोडमध्ये गेले.
अकरावा सात-आठ वर्षांतून एकदा येतो.
नोंदी नाहीत, आलेख बसेना.
त्या ओळीपुढे मी शेरा लिहिला:
नंतर बघू.

कलम चौदा वकिलांनी स्वतः लिहिलं.
अंदाज जसा आहे तसा दिला जाईल,
अचूकतेची हमी नाही,
जीवितहानीला कंपनी जबाबदार नाही.
ते ढोलुओत उतरवताना मी हमीपाशी अडले.
आई ओमेना निवडत होती, तिला विचारलं.
म्हणाली, वचन दिलंच नाही असं म्हणायचंय
की दिलं आणि मोडलं असं?
मी इंग्रजीच ठेवलं.

मार्चमधल्या त्या रात्री
पडद्यावर हिरवा ठिपका होता.
दिवे घेऊन चौघं गेले.
तिघं आले.

वकिलांचा फोन: भेटायला जाऊ नकोस.
क्षमा हा शब्द तर तोंडातूनही काढू नकोस,
क्षमा म्हणजे कबुली.
मी हात वर केले.
वाचलेल्यांतला एकजण नंतर सांगत होता,
ओडोंगोनेही शेवटी तेच केलं होतं,
दोन्ही हात, कोपरापर्यंत पाण्याबाहेर.

आठवड्याने ओपियो आला.
जुळ्यांतला थोरला, अठरा मिनिटांनी.
आमच्या जाहिरातीत हाच चेहरा आहे,
म्हणजे त्याच्या भावाचा;
फोटोच्या संमतीचा कागद फाइलमध्ये आहे, मी पाहिला.
त्याने नोटीस आणली नव्हती.
भावाच्या नंबरचं सिम नव्याने काढून घेतलं होतं.
त्यावर रोज पहाटे पावणेपाचला आमचा संदेश येतो:
ओडोंगो, आज सरोवर शांत.
आई त्या आवाजाला उठते, म्हणाला, चूल पेटवते.
वर्गणी महिनाअखेर संपतेय.
पुढे चालू राहील का?

मी वकिलांना विचारलं.
फुकट अजिबात नाही.
फुकट म्हणजे भरपाई,
आणि भरपाई म्हणजे, तुला माहितीच आहे.

अकराव्या वाऱ्यापुढचा शेरा अजून तिथेच आहे.
आता पुसला
तर पुरावा नष्ट केल्यासारखं होईल.

एकतीस तारखेला, रात्री उशिरा,
कंपनीचा फोन टेबलावर उपडा ठेवून
मी माझ्या स्वतःच्या फोनवरून
ओडोंगोच्या नंबरावर पन्नास शिलिंग भरले,
कुणीही गिऱ्हाईक भरतं तसे.
लगेच पावती आली,
दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेली:
धन्यवाद. अटी लागू.